गुनेलनं मागितलेला नमुना

गुनेल फॉर्स आणि मी अकरा वर्षं एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसलो. आमची प्रयोगशाळा मेलेल्या जनावरांची. गाई, डुकरं, कोंबड्या सगळं यायचं, पण फिनलंडचा हा आमचा किनारा म्हणजे कातड्यांसाठी जनावरं पाळणाऱ्यांचा मुलूख. त्यामुळे सगळ्यात जास्त येत ते कोल्हे आणि मुंगसासारखे मिंक. जनावर मेलं आणि का मेलं ते कळेना, की मालक ते पिशवीत घालून आमच्याकडे पाठवायचा. डॉक्टर ते उघडायचे, फुप्फुस, प्लीहा, यकृत, हवा तो तुकडा काढून द्यायचे आणि तिथून पुढचं काम आमचं.

काम म्हणजे असं. तुकडा औषधात मुरवायचा, मेणात बसवायचा, मेण बर्फावर गार करायचं आणि मग यंत्राच्या पात्यावर त्याचे इतके पातळ पापुद्रे काढायचे, की केस त्यापुढे दोरखंड वाटावा. पापुद्रा कोमट पाण्यावर सोडायचा, सुरकुती न पडू देता काचेवर उचलायचा आणि रंगवायचा. त्या पेशींत विषाणू असला तर काचेवर तपकिरी डाग उमटतात. नसला तर सगळं फिकट निळं.

गुनेलचा पापुद्रा कधी फाटला नाही. चव्वेचाळीस वर्षं तिनं हेच केलं होतं. बर्फ हाताळून हाताळून तिच्या डाव्या हाताची तीन बोटं टोकाशी बधिर झाली होती. गरम कप धरायचा झाला तर ती उजवा हात पुढे करायची.

ती मूळची कोल्ह्यांच्याच घरातली. तिच्या वडिलांचं शेत आमच्या शहरापासून वीस मैलांवर. लाकडी छपरांच्या लांबच लांब रांगा, दोन्ही बाजूंनी उघड्या, आत जाळीचे पिंजरे. शाळा सुटली की तिनं आणि धाकट्या भावानं, होकाननं, ढकलगाडीवरून खाणं वाटायचं. मासळी आणि खाटीकखान्यातला उरलासुरला माल दळून केलेला लगदा, तो पिंजऱ्याच्या वरच्या जाळीवर थापायचा. नोव्हेंबरात सगळी घरं कातडी सोलायच्या कामाला लागायची. एकोणिसाव्या वर्षी तिला प्रयोगशाळेत बरण्या धुण्याची नोकरी लागली, तेव्हा वडील म्हणाले होते,

"म्हणजे आता आमचेच कोल्हे चिरायला चाललीस?"

"मेलेले, पप्पा. जिवंत तुमच्याकडे आहेतच."

हे ती स्वतः सांगायची आणि हसायची नाही. तिच्या बोलण्यात विनोद असायचा, पण चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. नवीन माणसाला वाटायचं, बाई रागावली.

एकदा, मी येण्याच्या बरंच आधी, मिंकांमध्ये रक्तातल्या रोगाची एक चिवट साथ आली होती. तेव्हा गुनेलला गावोगाव पाठवलं होतं, शेतावर जाऊन नमुने आणायला. ती म्हणायची, "जाताना कॉफी आणि वेलचीचा पाव मिळायचा. निकाल लागल्यावर त्याच दारात गेलं तर खिडकीचा पडदा हलायचा, दार नाही." तिचा नवरा स्टिग गोठलेल्या समुद्रावर मासे पकडायला गेला आणि तिथेच खुर्चीवर बसल्या बसल्या हृदय बंद पडून गेला. तेव्हा मी तिच्या शेजारी होते. चौथ्या दिवशी ती कामावर आली.

मी म्हटलं, "घरी राहायचंस ना थोडं."

"घरी काय आहे?" ती म्हणाली आणि पातं बसवायला लागली.

दर रविवारी होकान तिला फोन करायचा. वडिलांनंतर शेत त्यानं चालवलं. तो आणि त्याची बायको कारिता, चार हजार निळसर करडे कोल्हे. मुलं दोघं दूर शहरात. बहीणभाऊ फोनवर काय बोलायचे ते आम्हाला सोमवारी कॉफीच्या वेळी कळायचं: बटाट्याला फुलं आली, ट्रॅक्टरचं चाक बसलं, कारिताची गुडघेदुखी वाढली. एवढंच. पण तो फोन कधी चुकला नाही.

मग तो उन्हाळा आला. आधी समुद्रपक्षी मरायला लागले. सीगल किनाऱ्यावर, रस्त्यावर, शाळेच्या फुटबॉल मैदानावर पंख पसरून पडलेले. पक्ष्यांचा ताप, म्हणजे बर्ड फ्लू; क्वचित माणसालाही होतो. जुलैत कोल्हे मरायला लागले. सीगल पिंजऱ्यांवरचा लगदा खायला येतातच, त्यांना कोण अडवणार? आमच्याकडे दिवसाला पिशव्यांवर पिशव्या यायला लागल्या. पिशवीवर मालकाचं नाव नसतं, फक्त आकडा. वरून एक यादी आली होती: प्रत्येक जनावराच्या घशातला स्राव आणि फुप्फुसाचा तुकडा तपासायचा. त्यात विषाणू सापडला तर ते शेत बंद, आणि मग सरकारी माणसं पांढरे पोशाख घालून तिथलं एकूण एक जनावर संपवायची.

आम्ही सुट्ट्या रद्द केल्या. बोलणं कमी झालं. सकाळी आलं की काचा, जेवण, परत काचा. तपकिरी, तपकिरी, निळं, तपकिरी. पहिल्या आठवड्यात मला एकेका आकड्यामागे माणूस दिसायचा. पुढे दिसेनासा झाला. असं व्हायला नको होतं, पण झालं.

ऑगस्टच्या दुसऱ्या सोमवारी गुनेल कॉफीच्या खोलीत माझ्यासमोर बसली आणि साखर न घातलेली कॉफी चमच्यानं ढवळत राहिली.

"होकानचा निकाल आला," ती म्हणाली. "त्याचे दोन मेले होते. स्वच्छ निघाले दोन्ही."

"अगं, मग चांगलं झालं की!"

"केक आणला म्हणे त्यानं. मलई लावलेला. साखर वाढलीये त्याची, तरी आणला."

मी हसले. ती ढवळतच होती.

"एक कोल्ही गोल गोल फिरते म्हणतो," ती म्हणाली. "डावीकडेच. फिरते, पडते, उठते, परत डावीकडे. आधीचे दोन पण असेच करायचे. म्हणतो, उष्म्यानं झालं असेल. आणि कारितानं तिचं एक पिल्लू घरात आणलंय. स्वयंपाकघरात टोपलीत ठेवलंय, चमच्यानं दूध पाजते. तोंडाजवळ तोंड नेऊन. डोळा लाल झालाय तिचा. म्हणते, गवतामुळे."

"गवतामुळे होतो की लाल."

"होतो ना," गुनेल म्हणाली. "दर वर्षी होतो तिचा."

तिनं कॉफी प्यायलीच नाही. कप धुऊन फडताळात ठेवला आणि सरळ डॉक्टर इल्पोच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेले. का गेले ते सांगता येत नाही. इल्पो आतल्या भागातला, फिनिश बोलणारा, आम्हा स्वीडिश बोलणाऱ्या किनाऱ्यावरच्यांना तो "बोटवाले" म्हणायचा. माणूस चांगला. त्या दिवसांत त्याच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"काय बोटवाले, काय पाहिजे?"

गुनेलनं कागदावरचा आकडा त्याच्यापुढे ठेवला. "या दोघांचा मेंदू तपासायला हवा."

त्यानं पडद्यावर पाहिलं. "हे स्वच्छ आहेत. फुप्फुस, घसा, दोन्ही. निकाल गेलासुद्धा."

"मेंदू पाहिलेला नाही."

"यादीत मेंदू नाही, गुनेल."

"यादी करणाऱ्यानं कोल्हा पाहिलाय का कधी? जनावर एकाच बाजूला गोल फिरतंय. ते फुप्फुसामुळे फिरतं का?"

"तुला कसं माहीत ते फिरतंय?" इल्पोनं विचारलं.

ती उभी होती तशीच राहिली. "माझ्या भावाचं शेत आहे."

खोलीत पंखा फिरत होता. इल्पोनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आकडा कुणाचा ते तुला कळायला नको होतं."

"त्यानंच सांगितला. पत्रावर असतो."

"मग तुला हे मागता येत नाही. नियम आहे."

"हात लावता येत नाही," ती म्हणाली. "मागता येतं. कोणीही मागू शकतं. डोकी शीतगृहात आहेत, अजून जाळलेली नाहीत. हात ही लावेल." आणि तिनं माझ्याकडे न बघता माझ्याकडे बोट केलं.

इल्पोनं पडदा बंद केला. मग म्हणाला, "गुनेल, निकाल स्वच्छ आहे. तुझा भाऊ केक खातोय. तू आत्ता या खोलीतून बाहेर गेलीस तर मला काही ऐकू आलेलं नाही."

"त्याची बायको पिल्लाला तोंडाशी धरून दूध पाजतेय," ती म्हणाली.

इल्पोनं चष्मा परत चढवला आणि किल्ल्या घेतल्या.

डोकी त्यानंच उघडली. प्रत्येक मेंदूचा एक तुकडा विषाणूचे अंश शोधणाऱ्या यंत्राकडे गेला, दुसरा माझ्याकडे आला. मंगळवारभर तो औषधात राहिला. बुधवारी सकाळी मी तो मेणात बसवला, गार केला आणि कापायला घेतला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गुनेल कुठल्यातरी गाईच्या आतड्याचे पापुद्रे काढत होती. तिनं एकदाही मान वळवली नाही. माझा पहिला पापुद्रा फाटला. दुसरा पाण्यावर सोडला तर त्याला घडी पडली. एरवी ती तिथूनच म्हणाली असती, "श्वास सोड आणि मग उचल." त्या दिवशी म्हणाली नाही. तिसरा नीट आला.

दुपारी रंग चढला. मी काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि खरं तर इल्पोला बोलवायची गरज नव्हती. फुप्फुसात कुठे तुरळक ठिपके पडतात, पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. इथे मेंदूच्या पेशीच्या पेशी तपकिरी होत्या, त्यांचे लांब फाटे शेवटापर्यंत रंगलेले. दुसऱ्या कोल्ह्याचंही तसंच. इल्पोनं पाहिलं, मान हलवली आणि खोलीचं दार लावून फोन करायला गेला. यंत्राचा निकाल तासाभरात आला. तोही तोच.

मी टेबलापाशी परत आले. गुनेलचं काम आटोपलं होतं. ती पातं पुसत होती.

"दोन्ही?" एवढंच म्हणाली.

"दोन्ही."

"बरं," ती म्हणाली.

निकाल कळवायचं काम आमचं नव्हे. गुरुवारी सकाळी अधिकाऱ्यानं होकानला फोन केला असणार, कारण दुपारी आम्ही जेवायला बसलो असताना गुनेलचा फोन वाजला. गुरुवारी आमच्याकडे वाटाण्याचं सूप आणि नंतर गोड धिरडं, ते वर्षानुवर्षं तसंच चालतं. तिनं सूप संपवलं होतं. होकान मोठ्यानं बोलत नव्हता, त्यामुळे मला तिचंच ऐकू आलं.

"हो."

"हो, कळलं मला."

"नाही. मी नाही कापलं."

मग ती म्हणाली, "मीच सांगितलं कापायला."

पलीकडून काहीतरी आलं आणि फोन बंद झाला. तिनं तो उलटा करून टेबलावर ठेवला. मग धिरड्यावर स्ट्रॉबेरीचा मुरंबा घेतला, धिरडं चार भागांत कापलं आणि चारही भाग खाल्ले.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, एकच झालं."

चार हजार कोल्हे संपवायला नऊ दिवस लागले. शेताकडे जाणारा रस्ता पट्ट्या लावून बंद केला होता. शनिवारी गुनेल गाडी घेऊन तिथपर्यंत गेली. तिनं जवाचा पाव, तळलेली हेरिंग मासळी आणि उकडलेले बटाटे टोपलीत भरून नेले होते. पांढऱ्या पोशाखातल्या माणसानं टोपली घेतली, तिला थांबायला सांगितलं. अर्ध्या तासानं तो रिकाम्या हातानं परत आला आणि म्हणाला, बाईंनी घेतली. तिथून छपरं दिसत होती. तिनं मला सांगितलं, "आवाज नव्हता. कोल्हे खाण्याच्या वेळी ओरडतात, लांबून ऐकू येतं. त्या वेळी नव्हता." सांगताना ती काचांच्या पेटीवर चिठ्ठ्या चिकटवत होती, एकही वाकडी नाही.

कारिताची तपासणी झाली. नाकातून, डोळ्यातून नमुने घेतले. काही निघालं नाही. डोळा गवतामुळेच लाल होता. तिनं हे स्वतः गुनेलला फोन करून सांगितलं. दोघी बराच वेळ बोलल्या म्हणे. पिल्लू टोपलीसकट नेलं, टोपली तिच्या आईची होती, तीही गेली.

"आणि होकान?" मी विचारलं.

"तो म्हणतो, बघ, कुणाला काही झालं नाही. मग कशासाठी केलं?"

"अगं, झालं असतं तर?"

"ते मी त्याला काय म्हणून दाखवू?" गुनेल म्हणाली. "न झालेल्या गोष्टीची काच निघत नाही."

रविवारचा फोन बंद झाला. सोमवारी कॉफीच्या वेळी तिच्याकडे सांगायला काही नसायचं. ती यायची, बसायची, कप धुऊन जायची. रडली नाही, कुणावर ओरडली नाही, एक दिवस सुट्टी घेतली नाही. इल्पो एकदा म्हणाला, "हिला घरी पाठवू का?" मी म्हटलं, घरी काय आहे? म्हटल्यावर मला कळलं, की हे शब्द माझे नाहीत.

सप्टेंबरात एकदा मी वर पाहिलं तर ती कोमट पाण्याच्या भांड्यापाशी काच हातात धरून उभी होती. पाण्यावर पापुद्रा तरंगत होता. ती नुसती बघत होती. पापुद्रा हळूहळू कडेला गेला, भांड्याला चिकटला आणि चुरगळला.

"गुनेल."

"हं."

"राहू दे, मी काढते दुसरा."

"काढ," ती म्हणाली आणि काच माझ्या हातात दिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या दिवशी आम्ही सगळे दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जातो. माझ्या आजीची कबर गुनेलच्या माहेरच्या कबरींच्या दोन ओळी मागे आहे, म्हणून हे मी पाहिलं. गुनेल आधी आली होती. तिनं आईवडिलांच्या कबरीवरचं बर्फ हातमोज्यानं झाडलं. थोड्या वेळानं होकान आला, कारिता मागे. उंच माणूस, पण जाकीट त्याला मोठं होत होतं. तो बहिणीच्या शेजारी उभा राहिला. दोघांमध्ये तिसरं माणूस मावेल एवढी जागा. त्याची काडी वाऱ्यानं तीनदा विझली. गुनेलनं आपली पेटती मेणबत्ती त्याच्याकडे केली. त्यानं तिच्यावरून आपली लावली.

"काय करू मी आता?" तो म्हणाला. "नोव्हेंबर आहे. सकाळी चारला जाग येते. उठतो, बूट घालतो, आणि दारात उभा राहतो."

गुनेल वाकून आपली मेणबत्ती बर्फात नीट बसवत राहिली. कारिता म्हणाली, "चला, गारठा आहे." ती दोघं फाटकाकडे गेली. गुनेल तिथेच थांबली. मी जाऊन तिच्या दंडाला धरलं. जाड कोटातूनही हात लाकडासारखा लागला.

"त्यानं विचारलं तुला काहीतरी," मी म्हटलं.

"ऐकलं मी."

"मग?"

"मला काही वाटतच नाही गं," ती म्हणाली. "बोलणार कशातून?"

पुढचं थोडक्यात. हिवाळ्यात वरून नवीन यादी आली. तिच्यात घसा, फुप्फुस आणि मेंदू होता. गोल फिरणाऱ्या, पडणाऱ्या जनावरांचा मेंदू सक्तीनं. खाली कुणाचं नाव नव्हतं. इल्पोनं ती भिंतीवर लावली. गुनेलनं उभ्यानं वाचली आणि म्हणाली, "अक्षर लहान आहे, मोठं करून लाव." होकाननं पिंजरे भंगारात दिले. छपरं मात्र पाडली नाहीत, त्यांत आता कोणाकोणाच्या बोटी ठेवतो. लाकडाच्या वखारीत कामाला लागला. कारिता म्हाताऱ्यांच्या आश्रमात जेवण वाढते.

वसंतात गुनेल निवृत्त झाली. आम्ही केक आणला, इल्पोनं भाषण केलं, त्यात बोटवाल्यांवरचे दोन विनोद. तिनं दोन तुकडे खाल्ले, स्वतःची बशी धुतली, तिचं पातं मला दिलं आणि साडेतीनच्या बसनं गेली.

परवा ती मला बाजारात मासळीच्या दुकानापुढे भेटली. दीड किलो हेरिंग घेत होती.

"एवढी? एकटीला?"

"होकान येतो रविवारी. कारिताची रविवारी ड्यूटी असते."

"येतो? कधीपासून?"

"झाले तीन-चार रविवार."

"बोलतो का काही?"

तिनं पिशवीला गाठ मारली. "नाही. बसतो, खातो, जातो." जरा थांबून म्हणाली, "परवा बटाटे अळणी होते म्हणाला."

"मग?"

"मग काय. मीठ पुढे केलं."